गेमच्या काचेसाठी धुतलेला एक्स-रे

माझ्या धाकट्या भावानं दिवाळीत पुण्याहून माझ्या पोरासाठी व्हिडिओ गेम आणला. हातात मावणारा, राखाडी रंगाचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. वरून ठोकळे पडायचे, ते फिरवून खाली नीट रचायचे, एक ओळ भरली की ती गायब. तेव्हा परळीत केबल नुकती आली होती आणि असला गेम आमच्या गल्लीत कुणी पाहिलेला नव्हता. पोरगं चार वर्षांचं. पहिल्या दिवशी त्यानं बटणं चाटली. दुसऱ्या दिवशी तो गेमला आंघोळ घालायला बादलीकडं निघाला, तेव्हा मी तो हिसकावून घेतला. "आजारी पडलाय तो, झोपू दे त्याला," असं सांगून साड्यांच्या खाली ठेवून दिला.

गेम कसला आजारी? आजार मला जडला होता.

घरात आम्ही पाच माणसं. मामंजींचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, भुसाराचं दुकान, आमचे हे त्यांच्याबरोबर दुकानात. घरी सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, मी आणि पोरगं. मी घाटनांदूरची, बारावी होऊन एकोणिसाव्या वर्षी या घरात आलेली. दुपारी पुरुषमाणसं दुकानात असायची, आत्याबाई पोराला कुशीत घेऊन तासभर आडव्या व्हायच्या, आणि मी माळवदावर जायच्या जिन्यात बसून ठोकळे रचायची. आवाज बंद करायचं बटण मला ज्या दिवशी सापडलं, तो माझ्या संसारातला फार मोठा दिवस. हसू नका. दिवसभर केलेलं सगळं संध्याकाळपर्यंत खाऊन, मळवून, सांडून संपायचं. या डबीत मात्र मी केलेल्या कामाचा आकडा कोपऱ्यात दिसायचा, आणि तो फक्त माझा असायचा.

एकदा आत्याबाई पाणी प्यायला उठल्या आणि जिन्यापाशी आल्या. "कावून बसलीस गं हितं?"

"पोराचा गेम बिघडलाय, बघतेय जरा," मी म्हटलं.

"बघ, बघ. तुला कळतंय त्यातलं," म्हणून त्या कौतुकानं परत गेल्या. सव्वीस वर्षांची बाई खेळण्याशी खेळते, हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. पुढं जे झालं, ते सगळं या एवढ्याशा लाजेतून झालं.

परळीच्या बाईला राख म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्यांतून ती यायची. खिडकीच्या चौकटीत, तुळशीच्या पानावर, वाळत घातलेल्या लुगड्यावर, सकाळी पुसलेल्या फरशीवर दुपारी पुन्हा. डोळ्याला पिठासारखी मऊ दिसते, पण बोटात धरून चोळली की कचकचते. ती गेमच्या काचेवर बसायची. काच कसली, प्लास्टिकच ते. मी पदरानं पुसायची आणि पुसल्यावर बारीक रेघा उमटायच्या. महिन्याभरात मधोमध एक जाड ओरखडा उठला. नेमका त्या जागी उभा ठोकळा आला की दिसायचा नाही आणि माझा डाव जायचा. असा संताप यायचा की सांगायची सोय नाही. एकदा तर मी त्या गेमला "मेल्या" म्हणून शिवी दिली आणि मग स्वतःच इकडंतिकडं पाहिलं.

तेव्हा काही मोबाइल नव्हते आणि काचेवर लावायचे ते तयार कागदही नव्हते. नव्या साडीची पिशवी कापून लावली, तिला सुरकुत्या पडल्या. चिकटपट्ट्या शेजारी शेजारी डकवल्या, त्यात हवेचे फुगे राहिले. काढायला गेले तर डिंक काचेला तसाच. डिंक काढायला रॉकेलचा बोळा फिरवला, तर एक कोपरा धुरकट झाला. करायला गेले एक आणि झालं भलतंच. त्या दिवशी मी खरोखर रडले, एका प्लास्टिकच्या तुकड्यासाठी.

मग मला माहेरची एक गोष्ट आठवली. घाटनांदूरला आमच्या शेजारी एक बाई कापडावर रंगकाम शिकवायच्या. फुलापानांचे साचे त्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर कापायच्या. गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि ब्लिचिंग पावडर टाकून फिल्म बुडवून ठेवायची, मग नारळाच्या शेंडीनं घासायची. वरचं काळं सगळं सुटून जायचं आणि खाली काचेसारखी स्वच्छ, ताठ, किंचित निळसर फिल्म राहायची. चुरगळत नाही, लवकर चरेही पडत नाहीत. बस्स, मला हवं होतं ते हेच.

आमच्याकडं एक्स-रे मधल्या खोलीतल्या लोखंडी पलंगाच्या गादीखाली असायचे. तीन होते. दोन आत्याबाईंच्या गुडघ्यांचे आणि एक मामंजींच्या छातीचा. गुडघ्यांचे लहान, वर्षभरापूर्वीचे. छातीचा चांगला ताटाएवढा मोठा, सातआठ वर्षांपूर्वीचा, माझ्या लग्नाच्याही आधीचा. मी उभी राहून विचार केला. हो, विचार केला, न कळत झालं असं मी म्हणणार नाही. गुडघे तर रोज दुखतात, ते एक्स-रे लागतील. छातीचा कशाला लागतोय? मामंजी पहाटे उठून वैजनाथाला चालत जातात, धान्याचं पोतं पाठीवर घेतात. विचारावं असंही मनात आलं. पण विचारलं असतं तर "कशाला पायजे?" आलं असतं, आणि त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

त्या दुपारी आत्याबाई पोराला घेऊन त्यांच्या बहिणीकडं गेल्या होत्या. मी माळवदावर घमेल्यात पाणी ओतलं, सोडा टाकला, पावडर टाकली आणि फिल्म बुडवली. अर्ध्या तासानं घासायला घेतली. बरगड्या दिसत होत्या, गळ्याखालची हाडं दिसत होती. शेंडी फिरवली तशी एकेक बरगडी पाण्यात उतरली. काळं, बुळबुळीत पाणी पन्हाळीतून खाली गेलं. मला त्यात काही म्हणजे काही वाटलं नाही, उलट भांडं लख्ख निघाल्यावर वाटतो तसा आनंद झाला. तुकडा मापात कापला, कात्रीनं कोपरे गोल केले आणि काचेच्या चौकटीत सरकवला. असा बसला की कंपनीनंच बसवलाय. आधीचा ओरखडा खाली होता तसाच, पण नवा पडायची भीती गेली. राख आली की फुंकर मारायची, नाहीतर तुकडा काढून धुवायचा. एक्स-रेचं पाकीट मी बंबात घातलं. त्यावर डॉक्टरच्या हातानं इंग्रजीत दोन ओळी लिहिलेल्या होत्या. मला इंग्रजी वाचता येत होतं, पण मी वाचल्या नाहीत.

त्यानंतर उन्हाळ्यात पिंजारी आला. सगळ्या गाद्या उसवल्या, कापूस पिंजला, गाद्या पुन्हा भरल्या. पावसाळ्याच्या शेवटी मामंजींना खोकला लागला, तो काही केल्या जाईना. परळीतल्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला आणि उजवीकडं वरच्या भागात डाग आहे म्हणून लातूरला छातीच्या एका डॉक्टरांकडं पाठवलं. मामंजी, आत्याबाई आणि हे, तिघं गेले. संध्याकाळी परत आले ते मामंजी हसतच.

"काई घाबरायचं न्हाई," ते ओट्यावर पाय धुता धुता म्हणाले. "डॉक्टर म्हनला, डाग जुना असंल तर काई करायचं न्हाई, आन् नवा असंल तर मातर बघावं लागंल. जुना फोटो हाय का इचारलं. म्या म्हनलं, हाय की! तवाच्या डॉक्टरनं बजावून सांगितलतं, ह्यो डाग भरलेल्या जखमेचा हाय, ह्यो फोटो जल्मभर जपा, पाकिटावर तसं लिवून पन दिलतं. उंद्या घिऊन जातो."

मी हातात तांब्या घेऊन त्यांच्या शेजारीच उभी होते.

आत्याबाई सरळ मधल्या खोलीत गेल्या आणि गादी उचलली. दोन गुडघे निघाले. त्यांनी गादी पूर्ण उलटी केली. मग दुसऱ्या पलंगाची. मग ट्रंका, मग फळीवरची पितळी भांडी, मग देवघराच्या मागची जागा. आत्याबाई म्हणजे घराचा दप्तरखाना. माझ्या सासरी कुणालाही कसलाही कागद लागला तर त्या बसल्या जागेवरून सांगायच्या, अमुक ट्रंकेत तमुक पिशवीत बघ, आणि तो तिथंच असायचा. "माज्या घरात सुई हरवत न्हाई," असं त्या साऱ्या गल्लीला ऐकवायच्या, आणि ते खरं होतं.

आणि मी काय केलं? मी शोधायला लागले. हो. स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढले, पाठीमागं हात घातला, "इथं नाही हो आत्याबाई," असं ओरडून सांगितलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या मी मारत होते. एकदा खाली उतरले तेव्हा त्या मला म्हणाल्या, "दमलीस गं बाई, पानी पी." मी पाणी प्याले.

ह्यांचा पारा चढला. "पिंजाऱ्यानंच नेला. गादीखालचं सगळं त्यानंच उचललंतं. मी जातो त्याच्याकडं, बघतो बेट्याला."

पिंजारी गरीब माणूस, बायको आणि तो, दोघं दारोदार फिरून पिंजायचे. मी तोंड उघडायला हवं होतं. मी पदराचं टोक पिळत राहिले. बोलल्या त्या आत्याबाई. पलंगाच्या काठावर बसल्या होत्या, केस विस्कटलेले, सगळ्या अंगावर माळ्यावरची धूळ.

"त्येला कावून नाव ठिवता?" त्या म्हणाल्या. "गादी उसवायच्या आदी कागद मीच उचलले. तीन उचलले का दोन, मला आठवंना. मीच कुटंतरी ठिवला. न्हाईतर रद्दीत घातला. मीच हरवला."

मामंजी कधी आवाज चढवून बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "आगं, साऱ्या घराचं कागद सांभाळतीस, आन् माज्या जिवाचा येवढा एकच कागद हुता!"

आत्याबाईंनी उठून तीच गादी पुन्हा उचलून पाहिली. मी मोरीत गेले, दार लावलं, साड्यांखालून आणलेल्या गेमवरची फिल्म ओढून काढली. बंब पेटलेला होता, त्यात टाकली. उरलेले तुकडे शिवणाच्या डब्यात होते, तेही टाकले. घाण वास सुटला. बाहेरून आत्याबाईंनीच विचारलं, "काय जळालं गं?" मी म्हटलं, "प्लास्टिकची पिशवी." हा शब्दसुद्धा माझ्या तोंडून न अडखळता आला.

जुना एक्स-रे नाही म्हटल्यावर लातूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. माणूस साठीच्या पुढचा, विडीची सवय, डाग नवा असेल तर वाईटातलं वाईट धरून चालावं लागेल. पाठीतून सुई घालून तिथला तुकडा काढून तपासायचा. कधी कधी त्यात फुप्फुसाला छिद्र पडून हवा बाहेर येते, हेही त्यांनी आधीच सांगितलं. तसंच झालं. मामंजींच्या कुशीत नळी घालावी लागली. नळीचं दुसरं टोक पलंगाखालच्या पाण्याच्या बाटलीत. खोकले की बाटलीत बुडबुडे यायचे आणि ते पलंगाची दांडी घट्ट धरायचे. अकरा दिवस. पाठीवर पोतं घेणारा माणूस, लघवीला उठवायला दोघं लागायचे.

मी रोज सकाळच्या गाडीनं डबा घेऊन लातूरला जायची. चौथ्या का पाचव्या दिवशी मामंजींचा डोळा लागला होता. आत्याबाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मी ठरवून गेले होते. त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "आत्याबाई, तो एक्स-रे..."

त्यांनी माझा हात धरला. "त्याचं नाव काडू नको गं. समदे मला तेच म्हनतेत. तू एकलीच मला काई बोलली न्हाईस." आणि त्या रडायला लागल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. सांगायला तेव्हा दोन वाक्यं लागली असती, फार तर तीन. मी डब्यातली भाकरी काढून त्यांना वाढली.

तपासणीचा कागद आला. डाग जुना होता. फार वर्षांपूर्वी भरलेली जखम, बाकी काही नाही. खोकला धुळीचा होता, औषधानं गेला. डॉक्टर भले माणूस होते, पण तेही म्हणाले, "जुना एक्स-रे असता ना, तर यातलं काहीच करावं लागलं नसतं." आम्ही सगळे तिथं उभे होतो. आमचे हे आत्याबाईंकडं बघायला लागले. नर्सही बघायला लागली. मी सुद्धा त्यांच्याकडंच बघितलं, कारण सगळे बघत असताना मी दुसरीकडं बघितलं असतं तर ते कुणाच्या लक्षात आलं असतं. एवढा हिशोब मला त्या वेळी सुचला. लिहितानाही माझी मलाच शिसारी येते.

"जाऊ द्या डॉक्टरसायब," मामंजी म्हणाले. "म्हातारी झाली ती. इसरली."

त्यांनी माफ केलं होतं. आत्याबाईंना ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. त्या तेव्हा पंचावन्नच्याही नव्हत्या, आणि विसरणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पण त्या दिवसापासून त्यांनी स्वतःला म्हातारी धरलं. आमटी करता करता थांबायच्या, "मीठ घातलं का गं मी?" दाराला कडी लावून चार पावलं गेल्या की परत येऊन कडी ओढून बघायच्या. गल्लीत कुणी म्हटलं की आमचं अमुक सापडत नाही, तर पूर्वी त्या सांगायच्या, बसल्या जागेवरून. आता गप्प बसायच्या. घाटनांदूरहून माझी आई आली होती, तिला म्हणाल्या, "विहीनबाई, माजं डोकं चालंना झालंय. तुमची लेक हाय म्हनून घर चाललंय." आईला अभिमान वाटला. मी चुलीपुढून उठून बाहेर गेले.

गेम मी पोराला देऊन टाकला. "बरा झाला का तो?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. पंधरा दिवसांत त्यानं काच अशी खरवडली की खालचं काही दिसेना.

पुढच्या वर्षी श्रावणातली गोष्ट. सोमवारचा उपास होता. मी साबुदाणा भिजवत होते. आत्याबाई स्वयंपाकघरात आल्या आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून माझ्यापुढं ठेवला. लोखंडी कपाट, तिन्ही ट्रंका, दागिन्यांची पेटी, दुकानाची, घराची, शेताची सगळी कागदपत्रं, साऱ्यांच्या किल्ल्या.

"घे," त्या म्हणाल्या. "आता माज्यानं जपनं व्हत न्हाई. तू ठिव. तुज्या हातातनं काई गहाळ व्हत न्हाई."

मी नको म्हणायला हवं होतं. निदान एकदा तरी. किंवा हात पुसून त्यांना खाली बसवून, त्या फिल्मचं काय झालं ते सगळं सांगायला हवं होतं, त्या रडल्या असत्या, रागावल्या असत्या, मला माहेरी धाडलं असतं, पण त्यांचं डोकं त्यांना परत मिळालं असतं. त्या पुढं अठरा वर्षं जगल्या आणि शेवटपर्यंत स्वतःवर विश्वास न ठेवता जगल्या. मला सगळं कळत होतं, त्या वेळीही कळत होतं.

मी ओले हात पदराला पुसले आणि जुडगा उचलून कमरेला खोवला. आणि खरं सांगते, मला आधी आनंद झाला. लग्नाला आठ वर्षं झाली होती, तो जुडगा आपल्याकडं कधी येईल याची मी पहिल्या दिवसापासून वाट बघत होते. लाज वाटायला संध्याकाळ झाली.